चार्ज देऊन झोपायचं

काशीमामा दिवसा झोपायचे, आणि तेही बसून. ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली निळी प्लास्टिकची खुर्ची, पाय समोरच्या पायरीवर, टोपी नाकापर्यंत ओढलेली, अशी त्यांची दुपार चालायची. हायवेवरून आमच्या गल्लीत कुठलंही वाहन वळलं की त्यांचा उजवा हात आपोआप वर व्हायचा आणि डोळे न उघडता ते म्हणायचे, "सिलिंडरवाला." किंवा, "पान्याचा टँकर. आज उशीर केला येड्यानं." मी खोली बघायला पहिल्यांदा त्यांच्या दारात रिक्षातून उतरून 'कोणी आहे का?' म्हटलं, तेव्हाही तो हात वर झाला. "रिक्षा. बाईमानूस. खोली बघाय आली." मी चकित होऊन विचारलं, तुम्हाला कसं कळलं? टोपी बोटभर वर सरकली. "इथली असतीस तर सरळ आत घुसली असतीस. खाली हुबी राहून 'कोणी आहे का' करतंय ते भाडोत्री."

कुंभिवलीत त्यांचं स्वतःचं घर आणि मागे पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या होत्या. आसपासच्या कारखान्यांत काम करणारी माणसं तिथे भाड्याने राहायची. माझा नवरा नितीन अशाच एका कारखान्यात ऑपरेटर आहे आणि मी खोपोलीच्या एका शाळेत मराठी शिकवते. नितीनचं गाव लोधिवली तसं फार लांब नाही, पण त्याची कंपनीची बस एका दिशेला आणि माझी शाळा दुसऱ्या दिशेला, म्हणून मधे कुठेतरी टेकावं असं ठरलं. तेव्हा आमची तनू सहा वर्षांची व्हायची होती. खोली दाखवताना काशीमामांनी नळ दाखवला नाही, मोरी दाखवली नाही. आधी दाराची कडी तीनदा लावून-काढून दाखवली आणि म्हणाले, "कडी एक नंबर हाय. बाकी सगळं असंतसंच."

कडीचं हे प्रेम नोकरीतून आलेलं होतं. काशीमामांनी सगळी उमर एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून काढली, आणि त्यातली बहुतेक रात्रपाळीवर. पुढे कारखाना बंद पडला, मामा घरी आले, पण आता रात्री झोपायचं असतं हे त्यांच्या शरीराला कुणी कळवलंच नाही. रात्री ते कड्या तपासत हिंडायचे आणि दिवसा खुर्चीत डुलायचे. हिरामामींचा त्यावर एक ठरलेला वाक्प्रहार होता. "सगळा जल्म मी एकटी निजले. आता दादला घरात हाय तर रातभर कड्या वाजवीत फिरतो. चोर परवडला गं बाई, तो येकदाच येतो!" मामा हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. फार झालं तर म्हणायचे, "एक जागला की धा निजतात. तुला काय कळनार त्यातलं?"

"मला? आरं, ज्या धा निजतात त्यातली मी हाय का नाय? मग मला का नाय झोप?" असं मामींचं उत्तर यायचं. त्यांच्या घरचा हा रोजचा कार्यक्रम आम्ही भिंतीपलीकडून फुकटात ऐकायचो.

आमच्या घरात मात्र खरोखरच कुणाला झोप नव्हती. कुंभिवलीला राहायला आल्यावर काही दिवसांतच तनूची झोप उडाली. आधी वाटलं, जागा नवी आहे, हायवेच्या ट्रकांचा आवाज आहे, होईल सवय. पण ती होईना. अंथरुणावर पडायची, डोळे मिटायची आणि मी हळूच उठायला लागले की टक्क उघडायची. "आई, कडी लावलीस?" लावली. "गॅस बंद केलास?" केला. "मागची खिडकी?" तीही लावली बाई, झोप आता. पुन्हा पाच मिनिटांनी, "आई, कसला आवाज आला?" असं करत करत मीच आधी झोपून जायची, आणि जाग आली की ती उठून बसलेली दिसायची.

उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. फोन संध्याकाळपासून कपाटात ठेवला. जेवण लवकर, मोठा दिवा बंद, पायांना कोमट खोबरेल, हळदीचं दूध, मग गोष्ट. सासूबाईंनी लोधिवलीहून फोनवर दृष्ट काढायला सांगितली, तर मीठ-मोहरी उतरवून तीही काढली. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की मुलांना पाठीवर हळूहळू थोपटत एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची. मी एवढं थोपटलं की माझा हात दुखायला लागला. तनू मला म्हणाली, "आई, तू दमलीस. तू झोप, मी थोपटते." आणि खरंच ती मला थोपटायला लागली. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं.

मग शाळेतून निरोप आला. ही मुलगी वर्गात दप्तरावर डोकं ठेवून झोपते, मधल्या सुट्टीत डबासुद्धा खात नाही, घरी काही बिघडलंय का? डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तोवर तिचा चेहरा एवढासा झाला होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. सासूबाईंनी सरळ फर्मान काढलं: दिवाळीच्या सुट्टीत पोरीला लोधिवलीला आणून सोडा, इथल्याच शाळेत घालू, माझ्या कुशीत झोपेल. नितीनलाही ते पटलं. मला पटलं नाही. सासूबाई प्रेमळ आहेत, त्यात शंका नाही. पण माझं लेकरू माझ्याजवळ झोपू शकत नाही म्हणून दुसऱ्याच्या कुशीत पाठवायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबू. नितीन म्हणाला, बरं. त्या 'बरं'मध्ये निकाल आधीच लागलेला होता.

हे सगळं पातळ भिंतीपलीकडे ऐकू जातच होतं. एका संध्याकाळी मी ओट्याखाली दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असताना मामा खुर्चीतून म्हणाले, "तू तिच्या झोपंच्या मागं लागतेस, म्हून ती पळते. झोप म्हंजे कोंबडी गं. मागं धावलीस तर कुंपनापार जाईल. दानं टाकून गप बसायचं, आपसूक खुराड्यात येते."

"मामा, दाणे टाकून टाकून हात दुखले माझे."

"तुजं दानं चुकीचं हाय. माज्याकडं दे पोरीला. जेवल्यावर माज्यासंगं राऊंडला येऊ दे. चार पावलं चालंल, वारा लागंल, दमून निजंल."

मला ती कल्पना आवडली. त्या दिवसापासून जेवण झालं की तनू मामांबरोबर 'राऊंड'ला जायला लागली. मामांच्या हातात काठी, गळ्यात जुनी शिट्टी, तनूच्या हातात टॉर्च. चारही खोल्यांची दारं, पाण्याची मोटर, मामींच्या कोंबड्यांचं खुराडं, चिंचेखाली लावलेल्या मोटारसायकली, सगळं ओळीने बघायचं आणि प्रत्येक ठिकाणी तनूने टॉर्च मारून म्हणायचं, "ठीक हाय!" आम्ही घरात 'आहे' म्हणणारी माणसं, पण राऊंडवर 'हाय'च म्हणावं लागे. 'आहे' म्हटलं तर मामा म्हणायचे, "जोर नाय त्यात."

पोरगी खुलली. जेवायला लागली, गालांवर रंग आला. झोपेच्या नावाने मात्र आनंद होता, उलट ती पहिल्यापेक्षा हुशार झाली. पूर्वी कडी लावली का एवढंच विचारायची, आता उठून कडी हलवून बघायला लागली. कुलपाला लटकून बघायचं, खिडकीच्या गजांवरून हात फिरवायचा, चपला उलट्या सुलट्या कशा पडल्यात ते लक्षात ठेवायचं, कारण "चोर येऊन गेला की चपला हलतात", असं मामांनी शिकवलेलं! टॉर्च उशाशी घेतल्याशिवाय ती आडवी होईना. कोपऱ्यात खुट्ट झालं की उजेडाचा झोत माझ्या तोंडावर. एकदा मी मामींना हे सांगितलं, तेव्हा त्या तव्यावरची तांदळाची भाकरी तशीच टाकून ओट्यावर गेल्या.

"पोरीला निजव म्हनून दिली व्हती तुज्याकडं! तू तिची भरती केलीस!"

मामांचा चेहरा पडला. मी त्यांना त्यापूर्वी किंवा त्यानंतर एवढं खजील झालेलं कधी बघितलं नाही. कडीला हात लावून बघण्यापलीकडे जगात दुसरं काही असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "मला दुसरं काय येतंय गं?" आणि त्या दिवशी राऊंडला एकटेच गेले. तनू दारात उभी राहून रडली.

दोन-तीन दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो आणि वीज गेली. नितीन रात्रपाळीला गेलेला. मी मेणबत्ती शोधायला उठले तोवर दारावर काठी वाजली. लाईट गेली की मामा सगळ्या दारांवरून एक फेरी मारून यायचे. मी दार उघडलं. त्यांनी टॉर्च आत मारला आणि तो तसाच धरून ते थांबले. तनू ताटावरून उठून खाटेवर जाऊन बसली होती. पाठ ताठ, तोंड दाराकडे, टॉर्च दोन्ही हातांत, पाय खाली सोडलेले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, कारण मी तिला तसं बसलेलं रोजच बघत होते. मामा मात्र बूट काढून आत आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. आवाज एकदम वेगळा, दोन नोकरदार माणसं बोलतात तसा.

"ड्युटीवर हायस?"

तनूने मान हलवली.

"कोनी लावली ड्युटी?"

"बाबांनी."

माझ्या हातातली काडेपेटी हातातच राहिली. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"काय म्हनाले बाबा?"

"म्हणाले, मी नाईटला असलो की आईकडे तू बघायचं हं. तू माझी शूर मुलगी."

"कधी म्हनाले?"

"इथे आलो तेव्हा. बसमध्ये चढताना."

"मंग आईकडं बघतेस. बराबर. आनि आई हाय की मोठी, ती नाय का बघत?"

तनूने माझ्याकडे एक नजर टाकली आणि अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने सांगितलं, "आई पालीला घाबरते. खाटेवर चढते."

आता हे खरं होतं, काय करणार? नितीनच्या पहिल्या रात्रपाळीला छपरावर मांजर धपकन पडलं तेव्हाही मी किंचाळले होते, आणि तनू माझा हात धरून "काही नाही, काही नाही" म्हणाली होती. मुलगी किती समजूतदार आहे म्हणून मी ते कौतुकाने चार जणांना सांगितलंही होतं. बापाने निरोप घेताना लाडाने टाकलेलं एक वाक्य, जे घराघरात रोज टाकलं जातं, ते या पोरीने नेमणूक म्हणून घेतलं होतं. आणि बाप दिवसपाळीला आला तरी ती नेमणूक कुणी मागे घेतली नव्हती.

मामांनी विचारलं, "रिलिव्हर कोन तुजा?"

तो शब्द तिला माहीत होता. राऊंडवर मामांनी तो शिकवला होता: पाळी संपली की जो येऊन आपल्याला मोकळं करतो तो. तो आल्याशिवाय गेट सोडायचं नसतं.

"कोणीच नाही," तनू म्हणाली.

"हां," मामा म्हणाले. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले, सदरा खाली ओढून नीट केला, टोपी सरळ केली आणि तिच्यासमोर ताठ उभे राहिले. "मी रिलिव्हर. काशिनाथ, नाईट शिफ्ट. चार्ज दे."

तनू उभी राहिली.

"असा नुसता नाय द्यायचा. काय काय ताब्यात हाय ते बोलून द्यायचं. बोल."

"दार, बंद हाय," तनू म्हणाली.

"दार बंद. घेतलं."

"गॅस बंद हाय."

"गॅस बंद. घेतला."

"आई हाय."

"आई हाय. घेतली." मामांनी माझ्याकडे मोजणीदारासारखं बघून खात्री करून घेतली.

"बाबा ड्युटीवर हाय."

"बाबा ड्युटीवर. घेतलं. आता टॉर्च दे." तिने टॉर्च दिला. "चार्ज घेतला. काय झालं, कुनी आलं, आईला पाल दिसली, तरी तुजी जबाबदारी नाय. माजी. तू सुटलीस. जा घरी."

"मी घरीच आहे," तनू म्हणाली.

"मंग निज."

ती आडवी झाली. मी शेजारी बसले, पण थोपटलं नाही. बाहेर मामा ओट्यावर फिरत होते आणि काठी फरशीला टेकत होती, ठक, ठक. तनूने एकदा विचारलं, "मामा आहेत ना?" मी हो म्हटलं. पुन्हा काही विचारणार म्हणून मी वाट बघत राहिले, तर तिचा श्वास लांब झाला होता. वीज आली तरी तिला जाग आली नाही. मी तिथेच बसून भरपूर रडून घेतलं.

सकाळी नितीन बसमधून उतरला तो थेट मामांच्या तावडीत सापडला. मी खिडकीतून बघत होते. नितीन डब्याची पिशवी खांद्यावर तशीच धरून ऐकत होता. मधेच म्हणाला, "मामा, अहो ते मी सहज म्हटलं होतं."

"तू सहज म्हनलास. पोरीनं लिहून घेतलं. माजं ऐक, मी रोज सांजचा चार्ज घेईन, पन त्यानं भागनार नाय. ड्युटी ज्यानं लावली त्यानंच काढायची असते. दुसऱ्याला पावर नाय."

नितीन घरात आला, तोंडसुद्धा न धुता तनूला मांडीवर घेऊन पायरीवर बसला. तो तसा कमी बोलणारा माणूस. "आईकडे बघायचं काम माझं," तो म्हणाला. "मी नसलो की काशीमामांचं. तुझं नाही. माझं चुकलं, मी तुला ते काम द्यायला नको होतं." तनूने विचारलं, "मग माझं काय काम?" खुर्चीतून, टोपीखालून आवाज आला, "निजायचं. लय अवघड काम हाय. मला अजून येत नाय."

दिवाळीला आम्ही लोधिवलीला गेलो आणि तिघंही परत आलो. सासूबाई म्हणाल्या, मी दृष्ट काढायला सांगितली त्याचाच गुण. मी म्हटलं, हो तर! मला तेव्हा कुणाशीही वाद घालायचा नव्हता.

मग तो रोजचा शिरस्ता झाला. जेवण, मग राऊंड, पण आता राऊंड मामांनी बदलला होता. पळायचं नाही, ओरडायचं नाही, शिट्टी नाही. टॉर्च मामांच्याच हातात, आणि दारं तपासायची नाहीत, फक्त बघायची. चोराच्या चपलांच्या गोष्टी बंद. त्याऐवजी खुराड्यापाशी उभं राहून कोंबड्या कशा एकमेकींना सरकवत जागा करतात ते बघायचं, चिंचेवरचे बगळे बसले का ते बघायचं. आवाज एकेका दारागणिक खाली आणायचा, इतका की शेवटच्या दाराशी सगळे कुजबुजत असायचे. घरी आल्यावर पायाला तेल, छोटा दिवा, आणि दारात उभे मामा: "चार्ज?" बाकीच्या खोल्यांतली मुलंही मागे लागली. बिहारच्या एका कुटुंबातला लहानगा तर "माँ हाय, घेतली" असं स्वतःच दोन्ही बाजूंनी म्हणून टाकायचा. पोरं लवकर झोपायला लागली, तशा चारही खोल्यांतल्या आया ओट्यावर येऊन निवांत बसायला लागल्या. थंडीत मामा अंगणात पोपटी लावायचे. मडक्यातल्या वालाच्या शेंगांवर आणि गप्पांवर आम्ही ताव मारायचो.

मामी मात्र या सगळ्याला नाक मुरडायच्या. "पोरखेळ नुसता. चार्ज म्हनं! कंपनी बंद पडली तरी ह्याची वरात चालूच."

अशाच एका संध्याकाळी मी मामांना विचारलं, तुम्हाला कसं हो कळलं त्या दिवशी? ते शेंग सोलत राहिले. मग म्हणाले, "कंपनी बंद झाली ना, तवा शेवटची नाईट माजी व्हती. सकाळी रिलिव्हर आला नाय. सायेब पन नाय. मी दुपारपार बसलो, कोन तरी येईल, चावी घेईल, सही करंल. कोन नाय आलं. मंग कुलूप लावून घरी आलो. चावी नंतर कोनी तरी मानूस पाठवून नेली, पन चार्ज कोनी नाय घेतला माजा. निजायला गेलो की अजून वाटतं, गेट उघडं हाय." एवढं बोलून त्यांनी शेंग तोंडात टाकली आणि म्हणाले, "वाल यंदा गोड हाय." मामी आत भांडी घासत होत्या, त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

तनू मोठी होत गेली. तिसरीत आल्यावर तिला झोपायला खरं तर कुणाचीच गरज उरली नव्हती. पडल्या पडल्या घोरायची. तरी सांजचा चार्ज तिने सोडला नाही. मामांना चालणं जड झालं तसा राऊंड ओट्यापुरता उरला. पुढे त्यांना खोकला धरला, ताप हटेना, तेव्हा त्यांची शेलूला दिलेली मुलगी आली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. मला धास्ती होती ती तनूची. पण ती शांत होती. म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये रात्री सगळे जागेच असतात. मामांना बरंच आहे." आणि अंथरुणावर पडून छताकडे बघत आपला चार्ज पुटपुटून झोपी जायची.

मामा परत आले नाहीत. ओटाभर माणसं जमली, संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. नितीन आणि खोल्यांतले सगळे पुरुष नदीवर जाऊन आले. नितीनची त्या आठवड्यात रात्रपाळी होती आणि त्याला बदली मिळाली नाही, म्हणून तो अंघोळ करून तसाच कंपनीच्या बसने गेला. तनूला मी दुपारीच सगळं खरं खरं सांगितलं होतं. ती थोडी रडली आणि मग उठून मागची खिडकी लावली का ते बघून आली. ते बघून येणं मला ओळखीचं होतं आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

अंधार पडल्यावर मी मामींच्या घरात बसले होते. मामांना ठेवलं होतं त्या जागी पणती लावलेली होती. मामी भिंतीला टेकून होत्या. दिवसभर त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं आणि एक शब्दही बोलल्या नव्हत्या. शेजारच्या बायका हळू आवाजात बोलत होत्या. तेवढ्यात तनू दारात येऊन उभी राहिली. झोपायचा फ्रॉक, विंचरलेले केस. कुणाला उद्देशून म्हणून नाही, पण स्पष्ट आवाजात तिने विचारलं, "मामांचा चार्ज कोणी घेतला?"

एक बाई तिला "शू, जा घरी" म्हणाली. मी उठायला लागले, पण काय सांगणार होते मी तिला? तेवढ्यात मामींनी डोळे उघडले. हातानेच त्या बाईला थांबवलं आणि पाय आखडून सरळ बसल्या.

"मी घेतला," मामी म्हणाल्या. दिवसभराने आवाज फुटला होता, तो घोगरा येत होता. "ये हितं. बोल तुजं."

तनू आत आली. "दार बंद हाय."

"दार बंद. घेतलं."

"गॅस बंद हाय."

"घेतला."

"आई हाय."

मामींनी माझ्याकडे बघितलं. "घेतली."

"बाबा ड्युटीवर हाय."

"घेतलं." मामींना एकही शब्द आठवावा लागला नाही. पोरखेळ म्हणून हिणवत त्यांनी तो रोज ऐकला होता.

तनू तरी हलली नाही. "आणि मामा?"

मामींनी पणतीकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मामा सुटले. त्यांचा चार्ज मी घेतलाय. निजू दे त्यांना आता. तू बी जा, निज."

तनूने मान हलवली आणि घरी गेली. मी थोड्या वेळाने जाऊन पाहिलं तर ती कुशीवर वळून गाढ झोपली होती. मी पांघरूण नीट केलं आणि परत मामींजवळ येऊन बसले. एकेक करून बायका आडव्या झाल्या. मीही म्हटलं, "मामी, आता जरा पडा तुम्ही. दिवसभर बसून आहात." त्यांनी पणतीत तेल घातलं, वात पुढे सारली आणि उठून दाराची कडी एकदा हलवून बघितली.

"पडू कशी गं?" त्या म्हणाल्या. "चार्ज घेतलाय ना मी."